चारपदरी फडकं

हे सगळं मी तोंडानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी बोललो. चौथी शिकलेला माणूस मी. नातीची उरलेली वही घेतलीय आणि लिहितोय. अक्षर वाकडं येतंय. येऊ द्या, गोष्ट तरी कुठं सरळ आहे?

तुम्ही मला ओळखत नाही ते बरंय. ओळखीच्या माणसाला सांगणं अवघड. संभाजीनगरात जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या लोकांत माझं नाव आहे. कुणी जुनी गाडी नव्यासारखी करून विकायला काढली की घेणारा आधी माझ्याकडं यायचा. "चला भानुदासमामा, जरा बघून द्या." मी जायचो, बघायचो, भाव सांगायचो. मी सांगितला तो भाव शेवटचा. लोक म्हणायचे, मामा पैसे खात नाय. खरं आहे, मी कधी खाल्ले नाहीत. जे केलं ते पैशासाठी केलं असतं तर — तर सांगायला सोपं गेलं असतं.

थांबा. आधी भाव कसा काढायचा ते सांगतो. ते मला येतं.

गाडी बघायला सकाळी जा, आणि सांगितल्या वेळेच्या जरा आधीच जा. पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर मालकानं तुमच्या आधी ती चालू करून ठेवलीय. का? थंड इंजिन काय बोलतं ते तुमच्या कानावर पडू नये म्हणून. पायाखालची मॅट उचला आणि तिथं नाक न्या. कुबट वास आला तर तळ सडलाय. दार हलकं लोटून सोडा, आपल्या वजनानं मिटतं का ऐका. मालक खर्च सांगेल, सीटा एवढ्याच्या, निकेलचं काम एवढ्याचं. बिलं बघा, पण त्यावर भाव करू नका. माणूस वेड्यासारखा खर्च करतो, त्याच्या वेडाचे पैसे तुम्ही का द्यायचे? आणि रंग सगळ्यात शेवटी बघा. भाव रंगाचा नसतो, रंगाच्या आत काय आहे त्याचा असतो. सडलेला पत्रा कापून नवा पत्रा ठोकून बसवणं हे महिन्या-महिन्याचं काम. भोकात पुट्टी भरून वरून रंग मारणं एका दुपारचं. बाहेरून दोन्ही सारखंच चकाकतं. दोन पावसाळे गेले की पुट्टीवाली फुगते, तेव्हा कळतं. तोवर विकणारा कुठला सापडतोय?

ते आधीच कळावं म्हणून माझ्या खिशात चुंबक असायचं. फुटक्या लाउडस्पीकरमधलं, मुद्दाम कमी ताकदीचं. रंगाला चरा पडू नये म्हणून त्याला गयाच्या जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं, एकपदरी. गया माझी बायको. दारावर, मडगार्डवर चुंबक टेकवायचं. आत पत्रा असला तर चिकटतं, पुट्टी असली तर गळून पडतं. एवढी साधी परीक्षा. यात खोटं करायला जागा कुठं, असं तुम्ही म्हणाल.

जागा आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं — उपरण्याचं. मी मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्याकडं बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण हातावर उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरतात. चार बोटं धरली की चार, अंगठ्याचं एक पेर दाबलं की वर अर्धा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मी तेच गाड्यांच्या सौद्यात आणलं. मालकाच्या समोरच भाव सांगायचा, पण त्याला ऐकू जायचं नाही. साहेब लोकांना त्याची लई मजा वाटायची, फोटो काढायचे. मला वाटायचं, बापाची विद्या शहरात कामाला आली.

आता आसाराम. मघापासून त्याला टाळतोय, तुमच्या ध्यानात आलं असेल.

आसाराम आमच्याच वाडीचा. बहात्तरच्या दुष्काळात दोघांच्याही घरची मेंढरं गेली. आम्ही दोघं मिसरूड न फुटलेले, सडकेच्या कामावर खडी फोडली, आणि ती सडक धरून या शहरात आलो. क्रांती चौकाजवळच्या एका गॅरेजात लागलो. तो मला भान्या म्हणायचा, मी त्याला आश्या. माझं लग्न झाल्यावर वर्षभर तो आमच्याच खोलीत जेवायचा. गया पहिली भाकर त्याला वाढायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "तुमची नुसती जीभ चालती. भाऊजींचे हात चालत्यात. हाताला भूक जास्त लागती."

थट्टाच होती. तरी चाळीस वर्षांनी मला ती शब्दाला शब्द आठवतेय. यावरून काय ते समजा.

शहर वाढत गेलं. वाळूजला कारखाने आले, जिथं आम्ही गाडी शिकलो त्या माळावर कॉलन्या उठल्या. पैसा आलेली माणसं बापाच्या वेळच्या गाड्या शोधू लागली. मी पारखी झालो, पांढरे कपडे घालून फिरू लागलो. आसाराम डेंटरच राहिला, पत्रा ठोकणारा, दुसऱ्याच्या शेडमध्ये, भाड्याच्या जागेत. त्याचं एकच म्हणणं होतं. एक गाडी स्वतःची करायची, मनासारखी, आणि ती विकून स्वतःची शेड टाकायची.

ती गाडी त्याला पैठणच्या बाजूला एका मळ्यात सापडली. अँबेसिडर. आत कोंबड्या राहायच्या. मागच्या सीटवर अंडी होती, ती मालकानं मोजून काढून घेतली, मग गाडी दिली. दोन वर्षं आसाराम दिवसा लोकांचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात तिचं. सडलेलं सगळं कापलं, आणि लोखंडाच्या जागी लोखंडच घातलं. दाराखालचे पट्टे, मडगार्डच्या कडा, सगळं हातोडीनं ठोकून. पुट्टीचा डबा शेडमध्ये आणला नाही.

नेमकी तीच दुष्काळाची वर्षं. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ यायचा, तोही अर्धा तास. आणि रंगाच्या आधी गाडी घासायची ती पाण्यानं. पाणी लावून घासकागद फिरवायचा, परत पाणी, परत कागद. आसाराम एकच बादली चार-चार दिवस पुरवायचा. गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी निथळून परत वापरायचा. त्याची बायको म्हणायची, "पोरांच्या आंघोळीला नाय आन् तुमच्या गाडीला रोज आंघोळ." हे गयाच्या कानावर आलं. पुढल्या नळाच्या दिवशी तिनं आमच्या वाट्यातल्या दोन घागरी काढल्या आणि मला सांगितलं, "भाऊजींकडं नेऊन द्या." मी सायकलवर लावून नेऊन दिल्या. दर आठवड्याला, रंग होईपर्यंत. म्हणजे त्या गाडीत आमचं पाणी होतं. गया सगळ्यांना सांगायची, आमची बी गाडी हाय ती.

गाडी झाली. सायीच्या रंगाची. घ्यायला एक साहेब आले, वाळूजच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरचे, घराणं कारकुनांचं, माणूस सज्जन. त्यांनी पारखायला मलाच बोलावलं. आसाराम खूश झाला. म्हणाला, "भान्या, तू हाय म्हणल्यावर मला काय घोर नाय. पण सोडू नको. नीट बघ." तो साडेचार लाख मागणार होता. तेवढ्यात शेडच्या जागेचं जमत होतं.

मी नीट बघितली. बॉनेट थंड होतं. मॅटखाली कोरडं. दार मिटलं ते कुणी उशीवर डोकं टेकवावं तसं. मग मी मडगार्डवरून हात फिरवला. तुम्ही कधी अशा कामावर हात फिरवलाय? हाताला काही अडत नव्हतं. मी इतकी वर्षं लोकांच्या कामातल्या चुका काढून पोट भरलं, आणि इथं माझ्या बोटांना एक चूक सापडेना. एक सापडली असती तरी मी खरं बोललो असतो, असं मला अजून वाटतं. खोटं असेल तेही. पण त्या घटकेला मला एवढंच दिसलं की या माणसानं काहीतरी केलं, आणि मी जन्मभर नुसता भाव सांगत फिरलो.

मी वाकलो, त्यांच्याकडं पाठ केली, आणि खिशातल्या खिशात फडक्याची घडी घातली. दोनपदरी. परत एक घडी — चारपदरी.

चारपदरी फडक्यातून ते चुंबक खिळासुद्धा धरत नाही.

मी उजव्या दाराच्या खालच्या बाजूला चुंबक टेकवलं. गळून पडलं. मडगार्डच्या कडेला टेकवलं. पडलं. मागच्या दाराला टेकवलं, तिथंही पडलं. साहेब बघत होते. आसाराम बघत होता. तो म्हणाला, "नाय रं, तिथं पत्राच हाय." खाली बसला, बोटाच्या सांध्यानं ठोकून ऐकलं. आवाज पत्र्याचाच होता, मलाही ऐकू आला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. तो हळूच म्हणाला, "मधी मी तापानं पडलो व्हतो. वेल्डिंगला दुसरा लावला व्हता. त्यानं भरली असंल का?" माझ्या मानेपुढं त्यानं स्वतःचा कान खोटा मानला.

चुंबक आम्हा दोघांत एकच होतं, आणि ते माझ्या खिशात होतं. मी साहेबांच्या हातावर उपरणं टाकलं. दोन बोटं धरली, अंगठ्याचं पेर दाबलं. अडीच.

गाडी अडीचला गेली. आसारामनं वाद घातला नाही. पुट्टी असलेली गाडी साडेचारला मागितली म्हणून त्यालाच साहेबांसमोर लाज वाटत होती. बाजारात महिन्याभरात पसरलं की आसाराम पुट्टी भरतो. मी पसरवलं नाही. पण कुणी विचारलं तर नाही असंही म्हणालो नाही. पुढल्या उन्हाळ्यात त्यानं हत्यारं विकली आणि वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहिला. घर तिकडंच केलं. मला त्या सौद्यात ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मिळाला नाही.

गयानं विचारलं, "कितीला गेली आपली गाडी?" मी म्हणालो, चांगल्या भावाला. "मग शेड का नाय टाकली भाऊजींनी?" मी म्हणालो, त्याचं मन उडालं. दर दिवाळीला ती विचारायची, भाऊजी का येत नाहीत. मी म्हणायचो, लांब पडतं त्याला.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अजून एक आहे.

दोन वर्षांपूर्वी गया गेली. शेवटच्या आजारात दवाखान्यात होती, बोलणं कमी झालेलं. एका दुपारी म्हणाली, "आसारामभाऊजींना बोलवा. एकदा बघून जातील." मी फोन घेऊन व्हरांड्यात गेलो. नंबर होता. कठड्याला टेकून उभा राहिलो, खाली टँकर रिकामा होत होता तो बघितला, आणि आत येऊन म्हणालो, लागत नाही. का? तो तिच्याजवळ बसेल, ती विचारेल शेड का नाही टाकली, तो सांगेल — एवढ्यासाठी. दुसऱ्या दिवशी तिनं परत सांगितलं. मी परत व्हरांड्यात गेलो, परत आलो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. म्हणाली, "विसरले असतील."

ती तसंच समजून गेली. दहाव्याला आसाराम आला, कुणाकडून तरी कळलं होतं. भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "एक फोन करायचा नाय व्हय, भान्या?" मी म्हणालो, गडबडीत राहिलं.

आता यंदाचं सांगतो. यंदा पाऊस बरा झालाय. पंधरा दिवसांमागं एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काका, एक जुनी अँबेसिडर बघितलीय, तुम्ही चला ना." मी आता जात नाही कुठं, पण घरात बसून भिंती तरी किती बघणार? गेलो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि सायीचा रंग दिसला.

तीच. साहेब पुण्याला मुलाकडं राहायला निघाले होते म्हणून विकत होते. मला बघून म्हणाले, "मामा, तुम्ही पुट्टी म्हणालात, पण हिला अजून एक फोड नाही बघा." हसत म्हणाले. त्यांना वाटलं नशीब त्यांचं.

मी चुंबक काढलं. फडकं एकपदरी केलं, दोनदा बघून घेतलं. उजव्या दाराच्या खालच्या बाजूला टेकवलं. चिकटलं. मडगार्डच्या कडेला, मागच्या दाराला — चिकटलं. ओढून काढावं लागलं. एवढे पावसाळे गेले होते, हातोडीचं काम जागचं हललेलं नव्हतं. मी पायरीवर बसलो. बाईंनी पाणी आणलं. मग त्यांनी गमतीनं हात पुढं केला, उपरण्याचं त्यांनी ऐकलं होतं. मी म्हणालो, उपरणं नको, तोंडानं सांगतो. गाडी सोळा आणे पत्र्याची आहे. साहेब मागतात तो भाव रास्त आहे. मागच्या वेळी मी खोटं सांगितलं होतं. आणि काम आसारामचं आहे, आमच्या वाडीच्या.

बाई म्हणाल्या, "ते आहेत अजून? माझ्या सासऱ्यांची जीप पडून आहे शेडमध्ये. कुणाला द्यावी कळत नाही."

काल मी वाळूजला गेलो. आसाराम घरापुढं कडुनिंबाखाली बसलेला, दोन शेळ्या बांधलेल्या. मला बघून म्हणाला, "वाट चुकला व्हय?" मी म्हणालो, शहरात येऊन परत शेळ्याच का रे? "मान्सांपेक्षा बऱ्या. भाव सांगत नायत." सुनेला हाक मारून चहा सांगितला, "ह्येचा बिनसाखरेचा कर, तोंडानंच लई गोड हाय."

मी जीपचं सांगितलं. तो शेळीच्या दोरीला उगीच गाठ मारत बसला. म्हणाला, "कोण देतंय मला काम? पुट्टी भरणारा मी."

मग मी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं, आणि खाली हात घातला. चाळीस वर्षांची हातोडी त्या बोटांत आहे, घट्टे तसेच. मी चार बोटं धरली. अंगठ्याचं पेर दाबलं.

त्यानं विचारलं,

"कुठल्या गाडीचा?"

"तुझ्या."

"आत्ताचा का तवाचा?"

"तवाचा."

शेळी दोनदा ओरडली. सून चहा ठेवून गेली. त्यानं हात काढून घेतला नाही, दाबलाही नाही. मग त्यानं उपरणं उचललं, झटकलं, घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "म्हंजी माझा कान बरूबर व्हता."

मी म्हणालो, व्हय.

तो उठला, शेळ्यांपुढं पाला टाकला. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाला, "शनवारी ये. जीप बघून येऊ. आन् ते चुंबक ठिवून जा. हितनं पुढं माझ्याकडं राहील."

मी दिलं. त्यानं फडकं उलगडलं, काठ बघितला आणि म्हणाला, "वहिनीचं लुगडं." मी पुन्हा व्हय म्हणालो. पुढचं सांगायला तोंड झालं नाही.

बोटांनी भाव सांगितला. पण कसं केलं ते बोटांना सांगता येत नाही. चारपदरी घडीचं त्याला अजून ठाऊक नाही. आणि गयानं तीन दिवसांत दोनदा त्याचं नाव घेतलं, ती त्याला विसरलेली नव्हती, फोन न लावणारा मी होतो, हे त्याला ठाऊक नाही. म्हणून ही वही. अनोळख्याला म्हणून लिहिली, पण शनिवारी त्याच्याकडंच नेणार आहे. तो कडुनिंबाखाली बसेल, मी पहिल्या पानापासून वाचीन, अडखळत, जसं येतं तसं. मग तो जीपकडं चल म्हणाला तर जाईन. नाही म्हणाला तर आलो तसा रिक्षानं परत येईन.

डॉक्टरीणबाईंना त्याचा पत्ता आजच देऊन ठेवलाय. काम मी नसलो तरी त्याच्याकडं जाईल.